बटाटे सोलणारी बाई आणि डायरीतली १६३ नावं

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणाऱ्या बाई ४७ वर्षांच्या आहेत. नागपुरात मानेवाडा भागात राहतात, एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत काम करतात. घरी नवरा आणि ७५ वर्षांच्या सासूबाई. मुलगी पुण्यात शिकते. मे महिन्यात ती मैत्रिणीला घेऊन घरी आली होती. रात्री गच्चीवर दोघी कुठल्याशा इराणी सिनेमाबद्दल रंगून बोलत होत्या. बाईंनी विचारलं, ‘मलाही सांगा ना गं.’ त्यावर मुलगी म्हणाली, ‘आई, ते जरा वेगळं असतं, तुला बोअर होईल.’ ती सहज बोलून गेली, पण आईला लागलं.

मग बाईंनी इंटरनेटवरून जगभरच्या चांगल्या सिनेमांची नावं डायरीत उतरवली. ती १६३ झाली. एका अ‍ॅपचे पैसे भरले आणि यादीत सगळ्यात वर होता तो बेल्जियमचा, सव्वातीन तासांचा सिनेमा लावला. पंचवीस मिनिटांत डोळा लागला. ‘जाग आली तेव्हा पडद्यावर एक बाई बटाटे सोलत बसली होती. मी रोज हेच करते, ते मी रात्री पैसे भरून कशाला बघू, असं वाटून बंद केला. पण ती बाई काही डोक्यातून जात नाही.’ पुढचे दोन सिनेमेही अर्धवट राहिले. इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल पळतात. सासूबाई विचारतात, ‘काऊन वं, हे लोकं कोन्त्या भाषेत बोलून राह्यले?’ आणि उठून जातात.

बाईंना चार गोष्टी विचारायच्या आहेत. फारसे कुणाला ठाऊक नसलेल्या शंभर सिनेमांची नीट यादी मिळेल का? जानेवारीत अर्जित रजा टाकून पुण्याच्या महोत्सवाला एकटीनं जावं का, या वयात ते बरं दिसेल का? ऑफिसातले एक सहकारी २०० सिनेमांचा पेन ड्राइव्ह देतो म्हणतात, तो घ्यावा का? की हे आपल्यासारख्यांसाठी नाहीच असं समजून सोडून द्यावं?

उत्तर

ताई,

‘मी रोज हेच करते, ते मी रात्री पैसे भरून कशाला बघू?’ हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. आपल्याला काही कळलं नाही याची कबुली म्हणून तुम्ही ते लिहिलंत. पण त्या सिनेमाच्या गाभ्यालाच हात घालणारा प्रश्न आहे हा.

तुम्ही अर्धा सोडलात तो शांताल आकेरमान या दिग्दर्शिकेचा १९७५चा ‘जान दिएलमान’. त्याचं पूर्ण शीर्षक म्हणजे त्या बाईचं नाव आणि तिचा टपालाचा अख्खा पत्ता. ब्रसेल्समधली एक विधवा, तिचा शिकणारा मुलगा, तिचं घर आणि तीन दिवस, एवढाच ऐवज. इतर सिनेमांत बाई स्वयंपाकघरात शिरते आणि पुढच्या दृश्यात ताटं वाढलेली दिसतात. मधला वेळ कापलेला असतो. आकेरमाननं नेमका तोच ठेवला. बटाटे सोलायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पडद्यावर लागतो. लहानपणापासून घरातल्या बायकांचे हात तिनं जसे पाहिले, तसेच तिला दाखवायचे होते. तेव्हा ती अवघ्या पंचविशीत होती आणि तिच्यासोबत काम करणाऱ्यांत बहुतेक बायकाच होत्या.

आणि तुम्हाला जाग आली ती फार मोक्याच्या क्षणी. दुसऱ्या दिवशी त्या बाईचे बटाटे जास्त शिजून बिघडतात. तिच्या घड्याळासारख्या दिवसाला पहिला तडा तिथे जातो. ती बाहेर जाऊन नवे बटाटे आणते आणि सोलायला बसते, ते तुम्ही पाहिलंत. तिचा हात मध्येच थबकतो, पुन्हा चालू होतो. पंचवीस वर्षं सकाळचे डबे करणाऱ्या बाईला त्या हातात काय बिनसलंय ते चटकन कळतं. ती तुमच्या डोक्यातून जात नाही, याचं कारण तेच असावं.

आता यादीकडे येते. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांची मतं घेऊन सर्वश्रेष्ठ सिनेमांची यादी छापतं. २०२२ साली सोळाशेहून जास्त लोकांनी मतं दिली आणि ‘जान दिएलमान’ पहिला आला. बाईनं दिग्दर्शित केलेला सिनेमा तिथे पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधीच्या, २०१२च्या यादीत तो पहिल्या तिसातही नव्हता. दहा वर्षांत सिनेमाची एक चौकटही बदललेली नव्हती, बदलली होती ती मतं देणारी माणसं आणि त्यांची नजर. तुम्ही हिशेबाच्या शाखेत आहात. आपण ज्या क्रमाला प्रमाण मानतो तो कुणी, कधी आणि कशावरून लावला, हे विचारण्याची सवय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल.

म्हणून शंभर नावं मी देत नाही. १६३ची २६३ होतील आणि रोज रात्री ती डायरी उघडून तुम्हाला आपण मागे पडल्यासारखंच वाटत राहील.

तुमच्या पत्रातला ‘फारसे कुणाला ठाऊक नसलेले’ हा शब्दप्रयोगही जरा उलटून पाहू या. कुणाला ठाऊक नसलेले? दादा कोंडक्यांनी आपल्याकडची थिएटरं वर्षानुवर्षं भरवली, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमधल्या एखाद्या बाईसाठी ते दूरदेशीचे, नावही न ऐकलेले दिग्दर्शक आहेत. आपण ज्याला दुर्मीळ म्हणतो तो सिनेमा त्याच्या गावी कुणाच्या तरी आजीच्या आठवणीतला असतो. दुर्मीळ म्हणून शोधायला गेलं की तो परीक्षेच्या अभ्यासासारखा समोर येतो. आपल्या ओळखीचं काहीतरी हातात धरून गेलं, तर त्याच्या घरात शिरता येतं. ओळखीचं असं तुमच्याकडे भरपूर आहे, तुमच्या पत्रातच दिसतं.

तुमच्या ऑफिसचंच घ्या. उस्मान सेम्बेन हा सेनेगलचा लेखक. फ्रान्सच्या मार्सेय बंदरात त्यानं गोदी कामगार म्हणून काम केलं होतं. पुढे कादंबऱ्या लिहिल्या. पण आपल्या देशातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, आपली पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोचणारच नाहीत, हे लक्षात आल्यावर चाळिशीच्या आसपास तो सिनेमा शिकला. १९६८ साली त्यानं ‘मांदाबी’ केला, तोही फ्रेंचमध्ये न थांबता लोकांच्या वोलोफ भाषेत. मांदाबी म्हणजे मनिऑर्डर. डाकारमध्ये राहणाऱ्या एका माणसाला पॅरिसहून पुतण्याची मनिऑर्डर येते. ती वटवायला ओळखपत्र हवं, ओळखपत्राला जन्माचा दाखला हवा, आणि जन्मतारीख तर त्यालाच नक्की ठाऊक नाही. मग या खिडकीवरून त्या खिडकीवर. इकडे पैसे हातात येण्याआधीच शेजारीपाजारी उधार मागायला दारात. ताई, तुम्ही त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसता. हा सिनेमा तुम्हाला जसा दिसेल तसा तो पुण्यातल्या विशीतल्या मुलांना दिसणं अवघड आहे.

दुसरं उदाहरण आपल्या विदर्भातलं. वरोऱ्याजवळचं आनंदवन आपल्याला माहीत आहे, आपल्यापैकी पुष्कळजण शाळेच्या सहलीत तिथे गेलेले असतात. इराणची कवयित्री फुरूग फर्रोखजाद हिनं १९६२ साली तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन एक माहितीपट केला, ‘द हाउस इज ब्लॅक’. जेमतेम २२ मिनिटांचा. तिचा हा एकच सिनेमा. १९६७ साली, वयाच्या ३२व्या वर्षी ती अपघातात गेली. त्यात वसाहतीतल्या शाळेचं दृश्य आहे. मास्तर एका मुलाला ‘घर’ हा शब्द घेऊन वाक्य लिहायला सांगतात आणि तो मुलगा फळ्यावर लिहितो, ‘घर काळं आहे.’ काही चेहरे पाहताना सुरुवातीला नजर वळते, ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते. पण मागे फुरूगचा आवाज चालू असतो, धर्मग्रंथांतल्या ओळी आणि तिची स्वतःची कविता, आणि थोड्या वेळानं आपली नजर वळायची थांबते. त्या वसाहतीतला एक मुलगा तिनं पुढे दत्तक घेतला.

इथून धागा कसा लांबतो बघा. फुरूगच्या एका कवितेचं नाव इराणचाच दिग्दर्शक अब्बास किआरोस्तामी यानं १९९९मध्ये आपल्या सिनेमाला दिलं. त्याचाच १९८७चा एक सिनेमा आहे, ‘व्हेअर इज द फ्रेंड्स होम?’ शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून आपल्या दप्तरात आली, उद्या तो मार खाणार, म्हणून एक पोरगा ती परत द्यायला टेकडीपलीकडच्या गावी धावतो. गोष्ट एवढीच. १९९०च्या भूकंपात त्या भागातली गावं कोसळली. सिनेमातली ती मुलं जिवंत आहेत का, हे पाहायला किआरोस्तामी मुलाला घेऊन गाडीनं निघाला आणि त्या शोधाचाच १९९२ साली आणखी एक सिनेमा झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी आपल्याकडे किल्लारी झालं. ३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट आठवणाऱ्या माणसाला त्या भेगाळलेल्या रस्त्यांबद्दल काही समजावून सांगावं लागत नाही.

आनंदवनापासून निघून आपण कुठे येऊन पोचलो बघा, आणि वाटेत यादी एकदाही लागली नाही. एक सिनेमा मनात राहिला की त्यातलं एक टोक पकडायचं, दिग्दर्शक, प्रदेश, एखादा नट किंवा कविता, आणि पुढच्या सिनेमाकडे जायचं. ही वाट हळू आहे. वर्षाला पंधरा-वीस सिनेमे होतील. मला ते पुरेसे वाटतात.

अ‍ॅपच्या पहिल्या पानावर मात्र विसंबू नका. तुमच्यासारखं पाहणाऱ्या इतरांनी काय पाहिलं यावर ते बरंचसं ठरतं, त्यामुळे जे आधीच पुष्कळांनी पाहिलंय तेच वर येतं. शोधायच्या चौकटीत दिग्दर्शकाचं नाव टाका. सिनेमाचं मूळ नाव त्याच्याच लिपीत कॉपी करून टाकलं तर बरेचदा इंग्रजी नावानं न दिसणारं काही सापडतं. अ‍ॅप एका वेळी एकच ठेवा, दोन-तीन महिन्यांनी बंद करून दुसरं घ्या. फुकट आणि कायदेशीर साठाही मोठा आहे. रशियाच्या मोसफिल्म स्टुडिओनं आपले जुने सिनेमे यूट्यूबवर ठेवलेत, पुष्कळांना इंग्रजी सबटायटल आहेत. कोरियाच्या सरकारी फिल्म संग्रहालयाचाही तिथे जुन्या सिनेमांचा चॅनल आहे. नॅशनल फिल्म बोर्ड ऑफ कॅनडाच्या संकेतस्थळावर माहितीपट आणि अ‍ॅनिमेशन विनामूल्य आहेत. तिथला १९५२चा ‘नेबर्स’ सासूबाईंना दाखवा. दोन शेजारी एका फुलावरून भांडतात, ८ मिनिटं, संवाद एकही नाही. मग कोणती भाषा हा प्रश्नच येणार नाही.

पेन ड्राइव्ह घेऊ नका. चोरलेला माल आहे, हे एक. दुसरं, अशा प्रतींची सबटायटल बरेचदा चुकीची किंवा मागेपुढे सरकलेली असतात, आणि आधीच पळणारी अक्षरं त्यानं आणखी छळतील.

सबटायटल वाचता न येणं हा बुद्धीचा दोष नाही, तो नजरेच्या सरावाचा भाग आहे. मलाही पहिल्या पाच-सहा सिनेमांत चेहरे दिसायचे नाहीत, फक्त खालच्या ओळी दिसायच्या. पुढे नजर आपोआप खाली जाऊन वर यायला लागली. तोवर फोनवर पाहू नका, टीव्हीला जोडा, सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं करा. कमी बोलणारे सिनेमे आधी घ्या. थांबवून वाचलंत तरी चालेल, स्वतःच्या घरात आहात. आणि झोपेचं म्हणाल, तर किआरोस्तामी स्वतः म्हणायचा की प्रेक्षकाला झोप लागू देणारे सिनेमे त्याला जास्त आवडतात. असा सिनेमा पुढे कित्येक दिवस मनात राहतो, असा त्याचा अनुभव होता. तुमच्या बटाट्यांचं तेच झालंय. तरीही दिवसभर ऑफिस आणि घर करून रात्री दहाला सव्वातीन तास बसणं हा अन्याय आहे, तुमच्यावर आणि सिनेमावरही. रविवारची दुपार बघा. एकेकाळी दूरदर्शन रविवारीच दुपारी बंगाली, मल्याळी, कन्नड सिनेमे दाखवायचं आणि आपल्या घरांतून ते पाहिले जायचे. तुमच्या सासूबाईंनीही त्यातले काही पाहिले असतील, एकदा विचारा.

त्या उठून जातात यावर मला एक उपाय सुचतो. तुम्ही मोठ्यानं वाचा. श्रावणात एकजण पोथी वाचते आणि बाकीच्या ऐकतात, अगदी तसं. इंग्रजी ओळ डोळ्यांनी घ्यायची आणि आपल्या बोलीत सांगायची. शब्दाला शब्द लागत नाही. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी बेन्शी म्हणून निवेदक उभा राहायचा आणि सगळी गोष्ट आपल्या आवाजात सांगायचा. काही बेन्शी इतके लोकप्रिय होते की लोक त्यांच्या नावावर तिकिटं काढत. तुमचंही यात भलं आहे. दुसऱ्याला सांगायचं म्हटलं की आपल्याला नेमकं काय कळलं ते आधी आपल्यालाच उमगतं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या तर आणखी छान. कलकत्त्यात १९४७ साली सत्यजित राय आणि मित्रांनी फिल्म सोसायटी काढली तीही मूठभर लोकांची होती. १९५९मध्ये देशभरच्या अशा मंडळांचा महासंघ झाला, त्याचे पहिले अध्यक्ष रायच. दिवाणखान्यात चारजणी बसून बघायला कुणाचीच परवानगी लागत नाही. राहत्या सोसायटीच्या सभागृहात सगळ्यांना दाखवायचं ठरलं, तर मात्र हक्कांची परवानगी घ्यावी लागते, ते लक्षात असू द्या.

पुण्याला जरूर जा. पण दहा दिवसांची रजा खर्चू नका, पहिल्या वेळेला तीन दिवस पुष्कळ झाले. रात्रीची गाडी आहेच. वयाचं मनातून काढून टाका. अशा महोत्सवांच्या रांगांत मी नेहमी निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, एकेकट्या आलेल्या साठीच्या बायका पाहिल्या आहेत. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला ‘सकाळचा कसा होता?’ असं विचारून तिथे गप्पा सुरू होतात. रोज दोनच सिनेमे पाहा, पाच पाहणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यातला एक अशा देशाचा निवडा, जिथला सिनेमा तुम्ही कधीच पाहिलेला नाही. नाही आवडला तर उठून या. गोव्याचा महोत्सव नोव्हेंबरात असतो आणि तिरुवनंतपुरमचा डिसेंबरात, ते पुढच्या वर्षांसाठी ठेवा.

राहिली मुलगी. मला वाटतं तुमचं पत्र मुळात तिच्यामुळेच लिहिलं गेलंय, १६३ नावं नंतरची. ‘तुला बोअर होईल’ हे तिनं कमी लेखून म्हटलं असेलच असं नाही. स्वतःला मनापासून आवडलेली गोष्ट आईपुढे ठेवली आणि आईनं ‘बरं आहे’ म्हणून उठून भाजी चिरायला घेतली तर, अशी धास्ती त्या वयात असते. तिच्या बरोबरीनं येण्यासाठी नावं पाठ करू नका. तिला फोन करून त्या बटाट्यांबद्दल सांगा, जसं मला लिहिलंत तसं, झोप लागल्यासकट. तिनं ‘जान दिएलमान’ पाहिला असेल तर बोलणं तिथेच सुरू होईल. नसेल पाहिला, तर तो तिला तुमच्याकडून कळेल. आणि त्या रात्री गच्चीवर इराणच्या कुठल्या सिनेमाचं बोलणं चाललं होतं, तेही आता तिला विचारा. फुरूगची २२ मिनिटं तुमच्याकडे आहेतच.

एक सिनेमा मी मुद्दाम शेवटी ठेवलाय, तो तुम्हा तिघींसाठी. कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकाचा १९६०चा ‘द नेकेड आयलंड’. समुद्रातल्या एका लहानशा बेटावर एक शेतकरी कुटुंब राहतं. बेटावर गोडं पाणी नाही. नवरा-बायको रोज होडीनं पलीकडे जातात, खांद्यावरच्या कावडीनं पाणी आणतात, टेकडी चढतात आणि एकेका रोपाच्या मुळाशी ओततात. दीड तासाच्या सिनेमात संवाद जवळजवळ नाहीत. शिंदोची छोटी कंपनी तेव्हा बुडायला आली होती. हाताशी असलेल्या थोड्या पैशांत, मोजक्या माणसांना घेऊन त्यानं हा सिनेमा केला. १९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तो देशोदेशी विकला गेला आणि कंपनी तगली. त्यात एका चढावर बाईचा पाय घसरतो आणि एक बादली सांडते. पुढे काय होतं ते सांगत नाही. सासूबाईंनी माहेरी विहिरीवरून पाणी आणलं असेल, तर त्या क्षणी त्यांच्या तोंडाकडे बघा.

पण हा सिनेमा आत्ता लावू नका. सगळी गंमत आवाजात आहे, वल्ह्यांच्या, पाण्याच्या, धापेच्या, आणि तुमच्याकडे अजून कूलर घरघरत असेल. मृगाचा पाऊस पडून हवा जरा निवली, कूलर बंद झाला, की एका रविवारी दुपारी लावा. मुलीला सांगून ठेवा, तिनं तो पुण्यात त्याच वेळी सुरू करायचा. संपल्यावर लगेच फोन करू नका, चहा होऊ द्या.